भिंतीपलीकडची बांधाबांध

१

दिवाळीच्या सुट्टीत कलकत्त्याला जायचं हे गोदावरीने ठरवलं, ते हौसेने नाही. रागाने ठरवलं.

राग टिकारामवर होता. टिकाराम म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. दिघोरीला राहून घरची धानशेती पाहायचा, आणि तिथूनच तुमसरच्या या घरावर हुकूम चालवायचा. तिचा नवरा खुशाल तुमसरच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला वेड एकच, इमारतींचं. गणपतीचं चित्र काढायला बसला तर आधी देऊळ काढी, त्याच्या कमानी काढी, कळस काढी, आणि गणपती राहूनच जाई. जुन्या कॅलेंडरांवरचे घुमट आणि खांब कापून त्याने खोलीभर चिकटवले होते. पण प्रत्यक्ष पाहिलेलं काय, तर आंबागडचा किल्ला आणि नागपुरातली चार सरकारी बांधकामं. लांबच्या शहरी जायचा बेत झाला की दिघोरीहून सांगावा येणारच. कधी धानाची रोवणी निघायची, कधी पुतणीचं लग्न, कधी विहिरीचं बांधकाम. खुशाल मान हलवायचा आणि भरलेली पिशवी रिकामी करायचा.

"दादाले नाई कसं म्हणू वो?" एवढंच त्याचं म्हणणं.

त्या साली उन्हाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले. काचबिंदू निघाला. बाजूची नजर गेलीच होती. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, ही नळीही बारीक होत जाईल, पुढच्या दिवाळीपर्यंत राहिली तर नशीब समजा.

परतताना एसटी नदीच्या पुलावर आली. खुशालने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मान वाकडी करकरून पुलाचे खांब पाहू लागला. ते बघून गोदावरीला रडू आलं नाही. तिच्या डोक्यात जाळ झाला. वीस-पंचवीस वर्षांत या माणसाला कोणी एक शहर धड पाहू दिलं नव्हतं.

"यंदा कलकत्त्याले जायचं," ती म्हणाली. "आन् तुमच्या दादाले मीच सांगीन."

२

बेत तिने एकटीने आखला. तांदळाचे व्यापारी गोपीचंद शेठ वर्षातून एक-दोनदा कलकत्त्याला जात. त्यांच्या गिरणीत जाऊन ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. उतरायला बडाबाजारातली धर्मशाळा त्यांनी सांगितली, ओळखीची चिठ्ठीही दिली. पण गोदावरीचे प्रश्न भलतेच होते.

"शेठजी, तो पांढरा मोठा घुमट हाय ना, त्याचं तोंड उगवतीकडे का मावळतीकडे?"

"बाई, मी तांदूळ इकाले जातो. घुमटाचं तोंड कायले पाहू?"

"मंग आठवून सांगा. सकाळी तुमच्या डोळ्यावर ऊन येते का पाठीवर?"

कारण खुशालला दिसायचं ते भर उजेडात. म्हणून उगवतीकडे तोंड असलेलं सगळं सकाळी, मावळतीकडलं दुपारनंतर, आणि मधल्या वेळात सावलीत बसणं. पहिल्या दिवशी नदीचे घाट आणि सरकारी कचेऱ्यांच्या लाल इमारती. दुसऱ्या दिवशी तो घुमट. शेवटच्या दिवशी उत्तरेकडच्या गल्ल्यांतली जुन्या जमीनदारांची घरं, कारण त्यांच्या अंगणात म्हणे देवळासारखे खांब होते. जायला देव्हाडीहून, म्हणजे तुमसर रोड स्टेशनातून, गोंदियापर्यंत पॅसेंजर आणि पुढे हावड्याची मेल. सारं तिने डोक्यात पक्कं बसवलं.

घरी आली तेव्हा दुपार होती. खुशाल शाळेत होता. पाणी पिऊन टेकते न टेकते तोच भिंतीपलीकडून आवाज आला. जड पेटी जमिनीवरून ओढल्याचा.

ती भिंत वाटणीची. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा टिकारामने मधल्या खोलीच्या बरोबर मधून विटांची भिंत घातली होती. पलीकडचा अर्धा भाग त्याचा. त्यात धानाची पोती, मोडके नांगर, आणि दाराला त्याचं कुलूप. माणूस तिथे राहत नसे.

'आले वाटते भासरे इचारल्याबिगर,' असं मनात म्हणत गोदावरी पदर खोचून बाहेर गेली. दार बंद होतं. कुलूप गंजलेलं. कडीवर कोळ्याचं जाळं, त्यात वाळकी माशी.

आत पेटीचं झाकण कुरकुरलं आणि कोणीतरी त्यावर मुठीने दोनदा मारलं.

३

"घुशी असतीन," खुशाल म्हणाला.

"घुशी पेटी उघडतेत का?"

"पोतं घसरलं असन मंग."

तिलाही ते पटवून घ्यायचं होतं. भुताखेताला ती कधी मानत नव्हती. माणसांनीच तिला एवढा त्रास दिला होता की भुतांसाठी भीती उरली नव्हती. पण दोन-तीन दिवसांनी तिने स्वतःची लोखंडी पेटी खाटेखालून ओढली, आणि ओढता ओढता थबकली. आवाज तोच होता. मधे जमिनीला खळगा होता तिथे पेटी अडून पुन्हा सरकली, तसाच. झाकण गंजलं होतं. कुरकुरलं आणि अडकलं. तिने सवयीने मूठ उगारली, आणि मग खाली घेतली. उघडायचं तर मारायला हवंच होतं. शेवटी तिने मुठीने दोनदा मारलं.

पुढे रोजच काही ना काही ऐकू येऊ लागलं, तेही दुपारीच. चादरी झटकल्याचा फटकार. डब्याची झाकणं. खुशालसारखा खाकरणारा माणूस. आणि बाईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, घाईघाईने काम करताना वाजतात तशा. एका दुपारी मात्र पलीकडे भांडण झालं. शब्द कळत नव्हते, पण बाईचा आवाज चढत चढत गेला आणि मग पितळेचं भांडं दाणकन आपटलं. घरंगळत गेलं, कशाला तरी धडकलं, आणि गरगर फिरत फिरत शेवटी निवलं.

गोदावरी भिंतीला कान लावून उभी होती. ही कोणीतरी आपली नक्कल करून राहिली, असं तिला वाटलं, आणि तिचा संताप उसळला. तिने भिंतीवर हात आपटला.

"कोन हाय रे? तोंड दाखवा ना!"



४

दुसऱ्याच दिवशी टिकाराम आला. धोतर झटकून खाटेवर बसला, पाणी प्याला, आणि धाकट्याकडे पाहत म्हणाला, "खुशाल, धान कापणीवर आलं. मजूर भेटून नाई राहिले. सुट्टी लागली का दिघोरीले ये."

खुशालने मान हलवायला सुरुवात केली होती.

गोदावरी भासऱ्यासमोर कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. त्या दिवशी ती चुलीजवळून उठली ती सरळ समोर येऊन उभी राहिली.

"ते नाई येत."

"मी तुले इचारलं नाई, बाई."

"तुमी कोनालेच कधी इचारलं नाई, दादाजी! रोवणीले ओढलं, लग्नाले ओढलं, विहिरीले ओढलं. आता त्यायचे डोळे चालले. तुमच्या बांधीत उभं राहून काय पाह्यतीन ते? धानाचं लोंब? पाहू द्या ना त्यायले काही, जनमात एकदा!"

"खुशाल, बायकोले आवर."

तिच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो तिने भिरकावला. टिकारामला लागला नाही. दाणकन जमिनीवर आपटला, घरंगळत गेला, उंबरठ्याला धडकला, आणि गरगर, गरगर फिरत निवला.

गोदावरीचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. टिकारामला वाटलं, बाई ओशाळली. तो उठून निघून गेला. ती मात्र गडव्याकडे पाहत उभी होती. काल ऐकलेलं भांडण हेच होतं. कोणी नक्कल करत नव्हतं. उलट, पलीकडे जे आधी होत होतं ते इथे मागाहून होत होतं.

हे कळल्यावर भीती वाटायला हवी होती. पण दोन दिवसांनी पलीकडून कडी सरकल्याचा, कुलूप लागल्याचा आवाज आला. दोन माणसांची पावलं बाहेर पडली, एक चप्पल फटफटणारी आणि एक हळू, सोबत बांगड्या. गोदावरी एकटीच हसली. म्हणजे जाणार! कोणी कितीही आडवं येवो, आपण निघणार. तिने दशम्यांसाठी कणीक काढून ठेवली आणि त्या भिंतीकडे पहिल्यांदा जरा मायेने पाहिलं.

मग कितीतरी दिवस पलीकडे काहीच वाजलं नाही.

निघायचं तोंडावर आलं असताना, एका दुपारी, कुलूप उघडल्याचा आवाज आला. कडी निघाली. कोणीतरी आत आलं. पावलं एकाच माणसाची होती, इतकी हळू की दोन पावलांमध्ये तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ती दुसऱ्या पावलांची वाट पाहत राहिली. बांगड्यांची वाट पाहत राहिली. बांगड्या वाजल्या नाहीत. खाटेची दोरी करकरली. मग पुढे काही नाही.

गोदावरीने आपल्या मनगटांकडे पाहिलं. हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या होत्या. बाई एकटी परत येते आणि तिच्या हातात बांगड्या नसतात, तेव्हा काय झालेलं असतं, हे कोणी तिला सांगायची गरज नव्हती.

५

ती स्वतः एसटीने दिघोरीला गेली. "तुमच्या खोलीत कोनीतरी हाय, किल्ली आना," एवढंच बोलली. चोराच्या भीतीने टिकाराम लगेच निघाला.

ऊन चांगलं होतं. टिकारामने जाळं झटकलं, कुलपाशी झटापट केली आणि दार ढकललं. दार पोत्याला अडून अर्धंच उघडलं. गोदावरी त्याच्या पुढे होऊन फटीतून डोकावली.

आत अंधुक होतं. पोत्यांच्या पलीकडे, वाटणीच्या भिंतीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. पाठ दिसत होती, आणि पाठीवरून डोक्यापर्यंत ओढलेलं पांढरं कापड. एक हात तेवढा बाहेर होता. मनगट मोकळं होतं. तो हात भिंतीवरून वर, खाली, बाजूला फिरत होता, सावकाश, जणू भिंतीत काही शोधत होता.

"काय दिसते?" मागून टिकारामने विचारलं, आणि खांद्याने दार लोटलं. उजेड आत घुसला.

पोती होती. नांगराचा फाळ होता. जमिनीवर इतकी धूळ की मांजर गेलं असतं तरी ठसा उमटला असता.

"कोन हाय इथं?" टिकाराम खेकसला. "मले कापणी सोडून ह्याच्यासाठी आनलं?"

पांढरं लुगडं, मोकळं मनगट. एवढंच तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

६

"जायचं नाई," संध्याकाळी तिने खुशालला सांगितलं.

तो कॅलेंडरमधल्या घुमटापुढे नाक टेकवून उभा होता. वळला नाही.

"काहून?"

तिने सगळं सांगितलं. पेटी, गडवा, निघालेली दोन माणसं, परतलेलं एक. ते पांढरं कापडही सांगितलं. आपण वेडी ठरू याची तिला पर्वा नव्हती. तो घरात जिवंत राहावा, एवढंच हवं होतं.

खुशाल कधी कोणावर ओरडला नव्हता. त्या दिवशी त्याचा आवाज फाटला.

"दादानं अडवलं तवा तू गडवा फेकला. आता तू अडवून राहिली, तं मी काय फेकू?"

"जीव जाईन तुमचा!"

"जाऊ दे ना! डोळे गेल्यावर हितं बसून मी कोनती भिंत पाहू? हेच का?" आणि त्याने वाटणीच्या भिंतीवर इतक्या जोरात थाप मारली की गिलाव्याचा पोपडा खाली पडला. "एक डाव तं पाहू दे मले, गोदा. मंग कोनी एकटं परत येवो का कोनीच न येवो."

त्याचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून तिला त्याचाही राग आला. पण त्या रागाखाली दुसरा एक होता, जुना आणि मोठा. जन्मभर ज्याने त्याने अडवलं. आता विटांची एक भिंतही अडवणार? तिचं ऐकून बसायचं?

"जाऊ," ती म्हणाली. "पन हात सोडायचा नाई. जिन्यावर नाई, रस्त्यावर नाई, कोठीच नाई."

"नाई सोडत."

७

कलकत्त्यात तिने त्याचं मनगट खरोखरच सोडलं नाही. ट्रामची घंटा वाजली की त्याला मागे खेचायची. घाटाच्या ओल्या पायरीवर आधी स्वतः पाय ठेवायची. तोही तिला बांगड्यांवरूनच ओळखायचा. बाजूचं दिसत नसल्यामुळे त्या कुठल्या अंगाला वाजतात ते ऐकून तो वळायचा. पण त्याचा चेहरा! लाल कचेऱ्यांसमोर तो लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून उभा राहिला. घुमटाचं तोंड कुणीकडे, हे गोपीचंद शेठना आठवलं होतं ते बरोबर निघालं. सकाळचं ऊन त्यावर पडलं तेव्हा खुशाल पुटपुटला, "एवढं दिसते, गोदा, मले एवढं दिसते." ती त्या वेळी घुमटाकडे पाहतच नव्हती. ती पायऱ्या पाहत होती.

शेवटच्या सकाळी ते उत्तरेकडच्या गल्लीत गेले. एका जुन्या घराचं फाटक उघडं होतं; म्हाताऱ्या दरवानाने हातानेच आत जा म्हटलं. आत चौकोनी अंगण, तीन बाजूंनी उंच गोल खांब, आणि वर कंगोऱ्यावर कबुतरांच्या रांगा. खुशाल खाकरला तशी सगळी कबुतरं फडफडत उडाली, एक फेरी मारून पुन्हा बसली. तो हसला.

"पाह्य ना, वर कसे निमुळते झाले हे. सरळ केले असते तं डोळ्याले पोटातून आत गेल्यासारखे वाटले असते. बांधनाऱ्याले माहीत होतं!"

सकाळचा गारवा होता म्हणून त्याने पांढरी चादर डोक्यावरून घेतली होती. त्याला खांब दोन्ही हातांनी चाचपायचा होता. अंगण सपाट होतं, जिना नव्हता, संध्याकाळी परतीची मेल होती. गोदावरीच्या छातीवरचं ओझं पहिल्यांदाच उतरलं. दोघंही धडधाकट होती. काही झालं नव्हतं. तिने त्याचं मनगट सोडलं.

तो खांबाला हात लावून उभा राहिला. त्याचा हात दगडावरून वर, खाली, बाजूला फिरू लागला, सावकाश.

पांढरं कापड. मोकळं मनगट. पुरुषाचं मनगट.

"गोदा," तो म्हणाला, "बांगड्या काहून वाजत नाई वो तुया?"

तिने हात हलवला. बांगड्या होत्या, सगळ्या होत्या. एकमेकींवर आपटल्या, आणि आवाज आला नाही.

"हितंच तं आहो," ती म्हणाली. "तुमच्या बाजूले."

तो वळला. मान हळूहळू फिरवत त्याने ती उभी होती तिथवर नजर आणली. नजर तिच्या तोंडावरून गेली आणि न थांबता मागच्या खांबावर गेली.

"गोदा? कोठी गेलीस?"

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याचे खांदे धरायला गेली, आणि हाताला चादरीची ऊबसुद्धा लागली नाही. भिंतीपलीकडे बांगड्या का वाजल्या नव्हत्या, ते तिला कळलं. परत आलेलं ते एक माणूस म्हणजे खुशालच होता. ती त्या खोलीत आलीच नव्हती.

तेव्हा तिचा राग उसळला, आयुष्यात कधी आला नव्हता एवढा. टिकारामवरचा, डॉक्टरवरचा, विटांवरचा, आणि जिन्या-पायऱ्यांवर पहारा देत बसलेल्या स्वतःवरचा. तिने डोक्यावरचा पदर फेकला, छाती भरून श्वास घेतला आणि घशाच्या शिरा ताणून त्याचं नाव घेऊन ओरडली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं.

खुशाल हात पुढे करून फाटकाच्या दिशेने चाचपडत निघाला होता. वर कंगोऱ्यावर कबुतरं बसली होती. त्यातलं एकही उडालं नाही.